स्वभावाला औषध नाही, मग नियम कशाला?

१. दोरीने बांधलेलं पेन

मालवणकडे कुणी काही आगळीक केली, की पारावरची चर्चा फिरून फिरून एका वाक्यावर येते: "माणसाचो स्वभावच तसो, तेका कोण काय करतलो?" सगळे मान डोलावतात आणि उठतात. एखादा चौकस पोरगा मात्र मागे रेंगाळतो आणि विचारतो, "स्वभावाला औषधच नसेल, तर मग पंचायत, पोलीस, कायदे हे सगळं कशाला? आणि माणूस मुळात चांगला असेल, तरी कशाला?"

प्रश्न पोरकट वाटतो, पण तो फार जुना आहे. इंग्लंडमधल्या थॉमस हॉब्जने १६५१ साली असं मांडलं, की मोकळं सोडलं तर माणसं एकमेकांच्या उरावर बसतील, म्हणून डोक्यावर जबरदस्त सत्ता हवी. शंभर वर्षांनी रूसोने नेमकी उलट बाजू घेतली: माणूस मुळात भला असतो, त्याला बिघडवतो तो समाज. दोघांची भांडणं पंडितांना लखलाभ. आपण पोस्टाच्या खिडकीपाशी जाऊ.

तिथे पेन दोरीने बांधलेलं असतं. बांधणाऱ्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, तरी तुमच्याविषयी त्याचं एक मत आहे: हा माणूस पेन खिशात घालील. त्याच बाजारपेठेत दोन दुकानं पलीकडे वाण्याकडे उधारीची वही असते. मुंबईहून पैसे आले की, किंवा चतुर्थीला चाकरमानी घरी आला की हिशेब चुकता होईल, या भरवशावर तो तांदूळ-साखर देत असतो. वही लिहिणाऱ्याचंही तुमच्याविषयी एक मत आहे. गिऱ्हाईक तेच, बाजार तोच, पण अंदाज दोन.

या प्रकरणात 'संस्था' हा शब्द याच अर्थाने घ्यायचा आहे. पाटी लावलेलं कार्यालय म्हणजेच संस्था असं नाही. माणसांनी पुन्हा पुन्हा एकत्र वागण्यासाठी घालून घेतलेली कोणतीही रीत, मग ती मासळीची वाटणी असो, किल्ल्याचा कारभार असो, नाहीतर तुरुंग, ती संस्थाच. अशा प्रत्येक रीतीच्या पायात माणसाच्या स्वभावाविषयीचा एक अंदाज पुरलेला असतो. तो उकरून पाहिला की ती रीत तशी का आहे ते कळतं. उकरण्यासाठी सिंधुदुर्गाइतकी सोयीची जागा क्वचित सापडेल.

२. किल्ल्याला दोन शत्रू

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी पायाचा चिरा बसवला आणि १६६७ मध्ये सिंधुदुर्ग उभा राहिला. होडीतून उतरणाऱ्या पर्यटकाला पहिली गंमत दिसते ती दरवाजाची. तटाच्या वळणात तो असा लपवला आहे, की अगदी जवळ जाईपर्यंत सापडत नाही. हा बंदोबस्त बाहेरच्या शत्रूसाठी.

पण किल्ले बाहेरून पडतात तसे आतूनही पडतात. कुणीतरी फितूर होतो, रात्री दरवाजा उघडतो आणि संपतं. या आतल्या शत्रूवर दगडी तटाचा काही इलाज चालत नाही. त्यासाठी दुसऱ्या प्रकारचा तट लागतो, आणि तो शिवकालीन गडांच्या कारभारात होता. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत तो नोंदलेला आहे. गडावर एक हवालदार, एक सबनीस, एक सरनोबत. तिघांचा दर्जा सारखा आणि कारभार तिघांनी मिळून करायचा. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे, शिबंदी सरनोबताच्या हाताखाली. धान्य आणि दारूगोळ्याची कोठारं कारखानीस सांभाळणार. हे अधिकारी एकाच जातीचे नसतील, याचीही काळजी घेतलेली होती.

यामागचं गणित एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, दहांतला एक अधिकारी लाच घेऊन फुटू शकतो. किल्ला एकाच्या हाती असेल, तर तो जाण्याची शक्यता दहांत एक. आता समजा, तिघे फुटल्याशिवाय दरवाजा उघडणारच नाही. तिघे एकमेकांशी संबंध नसलेले असतील, तर शक्यता होते दहा गुणिले दहा गुणिले दहांत एक, म्हणजे हजारांत एक. पण तिघे एका घरातले भाऊ असले तर? एक फुटला की तो बाकीच्या दोघांना रात्री जेवताना पटवील आणि शक्यता पुन्हा दहांत एकापाशी येईल. माणसं निरनिराळ्या गोतावळ्यांतली घ्यायची ती यासाठी.

यात माणसाविषयी कोणता अंदाज आहे? 'सगळे बेइमान आहेत' असा नाही. तसं असतं तर तिघेही फुटलेच असते. 'सगळे निष्ठावान आहेत' असाही नाही. तसं असतं तर एकच पुरला असता. अंदाज असा आहे, की माणूस बहुतेक वेळा इमानाने वागतो, पण मोहाच्या एखाद्या रात्री कुणाचाही पाय घसरू शकतो. म्हणून त्या रात्री तो एकटा असता कामा नये.

यातली एक गोष्ट पुढे आपल्याला फार कामाला येणार आहे, म्हणून इथेच गाठ मारून ठेवू. ज्याच्या कमरेला किल्ल्या होत्या, तो हवालदारही या संशयातून सुटला नव्हता.

३. शेजाऱ्यापुढे हरणं

आता समुद्राकडे पाठ करून गावात येऊ.

माणसाच्या स्वभावाची आणखी एक खोड आहे. त्याला हार पचते, पण शेजाऱ्यापुढची हार पचत नाही. नदीला पूर आला आणि बांध वाहून गेला, तर तो चार दिवस हळहळतो. शेजाऱ्याने बांध वीतभर सरकवला, तर तीन पिढ्या कोर्टात जातात.

सिंधुदुर्गाच्या गावऱ्हाटीने, म्हणजे गावाच्या परंपरागत कारभाराने, या खोडीवर काढलेला उपाय म्हणजे कौल. देवाला कळे, म्हणजे पाना-फुलांचे छोटे तुकडे, लावायचे, गाऱ्हाणं घालायचं, जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं आणि कळा उजवा पडतो की डावा ते पाहायचं. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा पंचांगातल्या एखाद्या ठरलेल्या तिथीला होत नाही. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. आचऱ्यात काही वर्षांच्या अंतराने सारं गाव तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. ती गावपळणही रामेश्वराच्या कौलानेच होते.

श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवून या रीतीचं काम पाहा. गावपळण यंदा करावी की नको, यावर घराघरात वेगवेगळी मतं असू शकतात. हात वर करून निर्णय घेतला, तर एक बाजू जिंकेल आणि दुसरी हरेल. उद्या पाणवठ्यावर दोन्ही बाजूंची तोंडं फिरलेली असतील. कौलात कुणी कुणापुढे हरत नाही. डावा पडला, तर तो देवाने दिला. हरलेला माणूस ताठ मानेने घरी जातो आणि गाव एकत्र राहतं. क्रिकेटच्या मैदानात आपण नाणं उडवतो तेही याच कारणासाठी. नाण्यावर कुणी रागावत नाही.

पण या रीतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. कळा लावण्याचा मान कुणाचा, गाऱ्हाणं कुणी घालायचं, पहिला नारळ कुणाचा, हे जन्मावर ठरलेलं. निर्णय देवाचा, पण देवाला प्रश्न विचारण्याचा हक्क ठरावीक घरांचा. 'कुणालाही हार पचत नाही' हा पहिला अंदाज सगळ्यांना सारखा लागू होता. 'देवापाशी उभं राहण्याची लायकी काही घरांच्याच रक्तात असते' हा दुसरा अंदाज तसा नव्हता. एकाच संस्थेच्या पायात असे दोन चिरे असू शकतात, एक भक्कम आणि एक किडका.

४. रापण: डोळ्यांसमोरचा विश्वास

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण ओढताना कधी उभे राहिला असाल, तर पुढचं समजायला सोपं जाईल.

एक होडी लांबच लांब जाळं घेऊन निघते, समुद्रात अर्धवर्तुळ घालते आणि पुन्हा किनाऱ्याला लागते. जाळ्याची दोन्ही टोकं वाळूवर. दोन रांगांत माणसं उभी राहून दोर खेचतात आणि खेचता खेचता दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ सरकतात. शेवटी जाळ्याची झोळी वर येते. बांगडा असेल, तारली असेल, नाहीतर नुसती निराशा. मग वाळूवर वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, अंगमेहनतीचा वाटा. वाटणीचे बारकावे जागोजागी वेगळे, पण तत्त्व एक: ज्याचा हात दोराला लागला त्याच्या हातात काहीतरी पडायचं.

आता प्रश्न असा, की पन्नास माणसं दोर ओढत असताना एकाने हात नुसताच टेकवला तर? कळणार कुणाला? अर्थशास्त्रातला एक गाजलेला प्रश्न हाच आहे. १९६८ साली अमेरिकेतल्या गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञाने तो गुरांच्या कुरणाचं उदाहरण देऊन मांडला. आपण तो मासळीत मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत.

एका खाडीत पन्नास जण जाळी टाकतात. मी एक जादा जाळं टाकलं, तर मला शंभर रुपये जास्त मिळतात. पण त्यामुळे लहान मासळी मरते आणि खाडीचं दोनशे रुपयांचं नुकसान होतं. ते पन्नास जणांत वाटलं जातं, म्हणजे माझ्या वाट्याला चार रुपये. शंभर मिळाले, चार गेले, शहाण्णवाचा फायदा! मी जाळं टाकणारच. पण हाच हिशेब पन्नासही जण करतात. आता प्रत्येकाला शंभर मिळतात आणि प्रत्येकाच्या वाट्याचं नुकसान होतं दोनशे. एकेकट्याने शहाणपणा केला आणि सगळे मिळून बुडाले.

हार्डिनचा निष्कर्ष असा, की सामायिक मालमत्ता माणसं ओरबाडणारच. म्हणून ती एक तर सरकारच्या ताब्यात द्या, नाहीतर खासगी मालकीची करा. जगभरच्या सरकारी धोरणांवर या विचाराची छाया पडली.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी मात्र वेगळा रस्ता धरला. माणूस कसा असेल याचं गणित मांडण्याआधी तो प्रत्यक्षात कसा वागतो ते पाहू, असं त्यांनी ठरवलं. स्वित्झर्लंडची कुरणं, जपानमधल्या गावांची जंगलं, स्पेनचे पाट असे सामायिक मालमत्तेचे कितीतरी नमुने त्यांनी तपासले. त्यांत तुर्कस्तानातल्या अलान्या या मासेमारीच्या गावाची रीत आपल्याकडच्या रापणकराला लगेच कळेल. तिथे जाळी लावायच्या जागांची यादी करतात आणि हंगामाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एक जागा देतात. मग रोज प्रत्येकाने एक जागा पुढे सरकायचं, सुरुवातीचे महिने पूर्वेकडे आणि नंतर पश्चिमेकडे. चांगली जागा आज ना उद्या प्रत्येकाच्या वाट्याला येते. आणि लबाडी पकडायला पहारेकरी लागत नाही. आज ज्याची चांगल्या जागेची पाळी आहे तोच डोळ्यांत तेल घालून पाहत असतो. ऑस्ट्रॉमबाईंचं पुस्तक १९९० साली आलं आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

आता दोर नुसता धरून उभ्या राहिलेल्या माणसाकडे वळू. हार्डिनचा माणूस एकटा असतो, मुका असतो आणि त्याला उद्या नसतो. रापणीतल्या माणसाच्या पुढे-मागे माणसं असतात. दोर सैल पडला की मागच्याला कळतं, आणि मागचा गप्प बसणाऱ्यातला नसतो. शिवाय उद्याही याच दोराला हात लावायचा असतो. म्हणजे रापणीला संतच लागतात असं काही नाही. तिला लागतात एकमेकांना दिसणारी माणसं.

इथे दोन प्रकारच्या विश्वासांतला फरक समजून घेऊ. भाबडा विश्वास म्हणजे 'तो चुकणार नाही'. रापणीचा विश्वास म्हणजे 'तो चुकला तर कळेल, आणि कळेल हे त्यालाही माहीत आहे'. पहिल्यावर भाषण चालतं, दुसऱ्यावर संस्था चालते.

५. अंदाज खरा करून दाखवणारा नियम

इथपर्यंत आपण असं धरून चाललो, की आधी स्वभाव असतो आणि मग त्याला साजेसा नियम येतो. पण कधी कधी उलट होतं. नियम आधी येतो आणि माणसाला तसा बनवतो.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू केला. गुन्हेगारी जन्माने येते, सुताराचा मुलगा सुतार तसा चोराचा मुलगा चोर, ही त्यामागची समजूत. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं गेलं, पोलिसांकडे हजेरी लावायला लागली, सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती उभ्या राहिल्या. ज्याला कुणी काम देत नाही, गावात टेकू देत नाही आणि ज्याने हजेरी चुकवली तर तोच गुन्हा ठरतो, त्याने प्रामाणिकपणे जगायचं तरी कसं? मग त्यातला कुणी चोरी करताना सापडला, की साहेब म्हणणार, 'पाहा, आमचा अंदाज खरा निघाला.' ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरात हा शिक्का कायद्याने पुसला गेला. लोकांच्या डोक्यातून तो अजून पुसायचा आहे.

हा कायदा चालू असतानाच, १९३९ साली, औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. शिक्षा झालेल्या कैद्यांची ही वसाहत. भिंत नाही, शेती करायची आणि कुटुंबासह राहायचं. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचलेला. सोलापुरात गुन्हा न केलेली मुलंसुद्धा तारेच्या आत, आणि आटपाडीत गुन्हा शाबीत झालेली माणसं उघड्यावर. फरक माणसांत नव्हता, त्यांच्याविषयीच्या अंदाजात होता.

असाच एक अंदाज कोकणातल्या एका माणसाने अंगावर घेतला. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी भंगीकाम मागितलं आणि ते नाकारण्यात आलं, कारण तुरुंगात ते काम कैद्याची जात पाहून दिलं जात होतं. गंमत पाहा, दरोडेखोर असो वा सत्याग्रही, तुरुंगाच्या लेखी सगळे कैदी. पण मैला उचलायची वेळ आली की त्यांच्यात जन्म शोधायचा! अप्पासाहेबांनी अन्न कमी केलं. त्या डिसेंबरात येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास सुरू केला, आणि सरकारला या नियमाचा फेरविचार करावा लागला.

अप्पासाहेबांचं खरं वेगळेपण पुढे आहे. 'घाण साफ करणारा नीच नसतो' असं सांगत ते हिंडले असते, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि पाटीवरचा मैला दुसऱ्याच्याच डोक्यावर राहिला असता. १९४८ साली कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रम काढला आणि ज्यात माणसाने माणसाचा मैला हाताने उपसायची गरज पडणार नाही, अशा संडासांचे प्रयोग केले. 'हे काम करायलाच काही माणसं जन्मतात' ही समजूत वादात हरवण्यापेक्षा ते कामच संपवणं त्यांना जास्त उपयोगाचं वाटलं. खोलगट जमिनीत साचलेलं पाणी व्याख्यानाने वाहत नाही, त्याला चर खणावा लागतो.

६. आजच्या समुद्रावर

हे सगळं इतिहासात जमा झालं, असं वाटत असेल तर पुन्हा मालवणच्या किनाऱ्यावर चला.

सरकारने १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा तीन चौरस किलोमीटरच्या आसपास, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचा. तिथली प्रवाळं आणि जैवविविधता जपण्याचा हेतू चांगलाच होता. पण नकाशावर रेघ ओढताना, त्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणारा माणूस कोण धरला होता? रखवालदार की चोर? मच्छीमारांनी पहिल्यापासून विरोध केला तो या प्रश्नाचं उत्तर त्यांना ऐकू आलं म्हणून. ज्याला आधीच चोर धरलं, तो रखवाली कशाला करील?

दुसरीकडे पर्ससीनचं जाळं आहे. बटव्याची नाडी ओढावी तसं ते खालून आवळतं आणि अख्खा थवा एका दमात उचलतं. राज्यात सागरी मासेमारीचं नियमन करणारा कायदा १९८१ पासून आहे, आणि डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारे फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आले. तरी पारंपरिक मच्छीमारांचा संघर्ष थांबला नाही. कारण आता तुम्ही सांगू शकाल. भर समुद्रात, काळोखात, यंत्राच्या होडीवर, मागे दोर धरून कुणी उभं नसतं. रापणीला नीट ठेवणारी 'दिसण्याची' अटच तिथे तुटते. हार्डिनचा एकटा, मुका माणूस किनाऱ्यावर सापडला नव्हता. तो तिथे सापडतो. तिथे सरकारी गस्तच हवी.

याचा अर्थ रापणकर जातिवंत सज्जन आणि पर्ससीनवाला जातिवंत लोभी, असा मात्र नाही. तसं म्हणालो, तर गुन्हेगार जमातींच्या कायद्याचीच चूक आपण उलट बाजूने करू. रापणकराच्या पोराला उद्या पर्ससीनवर बसवलं, तर तोही शंभरातून चार वजा करून पाहीलच.

७. नियम हातात घेऊन पाहा

आता त्या पोराला उत्तर देऊ. स्वभावाला औषध नसेल, पण पथ्य असतं, आणि संस्था म्हणजे ते पथ्य. वैद्याने रोग ओळखण्यात चूक केली, तर पथ्यानेच माणूस खंगतो.

म्हणून ग्रामसभेत, सोसायटीत, शाळेत किंवा कचेरीत एखादा नवा नियम आला, की त्याला तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. पहिला: हा नियम मला काय समजतो? दुसरा: तो मला माझ्या वागण्यावरून ओळखतो, की जन्मावरून? आणि तिसरा, सगळ्यांत महत्त्वाचा: नियम करणाराही त्यात येतो का?

सिंधुदुर्गाच्या हवालदाराची गाठ आपण मारून ठेवली होती, ती इथे सोडू. एकमेकांवर संशय न घेणारा समाज कुठेही नाही. संशय सगळ्यांच्या पदरात सारखा पडला, तर त्यातून चांगला कारभार उभा राहतो. तो एकाच घराच्या, एकाच जातीच्या, एकाच वाडीच्या पदरात टाकला, तर त्याचं नाव अन्याय. ज्याच्या कमरेला किल्ल्या आहेत त्याला वगळून बाकीच्यांची झडती घेणारा नियम दिसला, तर तो कितीही गोड भाषेत लिहिलेला असो, त्याच्या बाजूने हात वर करू नका.